क्रीटचा स्फाकिया भाग: सासूबाईंना घेऊन चार रात्री जमतील का?

मुग्धा_डोंबिवली

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही ग्रीसला जातोय. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाई ६८ वर्षांच्या, डावा गुडघा कुरकुरतो, बाकी ठणठणीत. टूरवाल्याने अथेन्स-सँटोरिनी-मिकोनोस असं नेहमीचं ताट पुढे केलं होतं. सासूबाईंनी त्यातले फोटो शांतपणे बघितले आणि म्हणाल्या, "समुद्र मी गणपतीपुळ्याला बघितलाय. डोंगर असेल तर येते." त्यांचं माहेर जावळीच्या खोऱ्यातलं. लहानपणी शाळेत जायला रोज एक खिंड चढून उतरावी लागायची, ती गोष्ट आम्हाला सगळ्यांना तोंडपाठ आहे.

मग मीच शोधाशोध केली. क्रीट बेटाच्या नैर्ऋत्येला स्फाकिया म्हणून भाग आहे, तिथे डोंगर थेट समुद्रात उतरतात, काही गावांना अजून रस्ता नाही वगैरे वाचलं. अथेन्सनंतर क्रीटमध्ये सात रात्री आहेत, त्यातल्या चार इथे द्यायच्या मनात आहे. प्रश्न असे:

समारिया नावाची प्रसिद्ध घळ सासूबाईंना झेपेल का? राहायचं कुठे, चानिया शहरात राहून रोज जाऊन-येऊन करावं का? आणि सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. बोकडाचं मटण आणि मासे यांच्या प्रदेशात त्यांनी चार दिवस काय खायचं? डब्यात ठेपले नेणार आहेच, पण ठेपल्यांवर चार दिवस काढले तर मला परत आल्यावर चार वर्षं ऐकावं लागेल.

सह्यभटक

समारिया कराच. गेल्या सप्टेंबरमध्ये केला. सकाळी पहिल्या बसने ओमालोसच्या पठारावर जायचं, क्सिलोस्कालो नावाच्या जागेपासून उतरायला सुरुवात. एकूण १६ किमी, सव्वाबाराशे मीटरवरून सरळ समुद्रापर्यंत. शेवटी सिदेरोपोर्तेस म्हणजे 'लोखंडी दरवाजे' लागतात, दोन्ही बाजूंना ३०० मीटरच्या भिंती आणि मधे तीन-चार मीटरची फट. आपली सांदण दरी आठवते, पण इथे खालून झरा वाहतो आणि दगड पांढरा. मला साडेपाच तास लागले, फोटो काढत. पूर्ण उतारच आहे, चढ जवळपास नाही. ज्यांचं बालपण जावळीत गेलंय त्यांना काहीच वाटणार नाही. चानियाहून एका दिवसात होतं, मुक्काम हलवायची गरज नाही.

माणदेशी_श्टुटगार्ट

सह्यभटक, तुमचं वय काय हो? राग मानू नका. मी पहिल्यांदा समारिया उतरलो तेव्हा ४१ चा होतो आणि असंच म्हणत उतरलो होतो, की उतारच तर आहे. दुसऱ्या दिवशी हॉटेलचा जिना मी पाठमोरा उतरत होतो, कठडा धरून, लहान पोर पलंगावरून उतरतं तसा. चढ नाही हीच तर त्यातली मेख. गुडघ्याचा वैरी चढ नसतो, उतार असतो. त्यातही सुरुवातीच्या काही किलोमीटरमध्येच निम्मी उंची संपते, सगळा दगडगोट्यांचा नागमोडी उतार. एकदा खाली गेलात की मधून बाहेर पडायला वाट नाही. खाली आगिया रुमेली गाव, त्याला रस्ता नाही, तिथून संध्याकाळची बोट गाठावी लागते. वाटेत कुणी अडलं तर वनखात्याची माणसं खेचरावर घालून आणतात. सासूबाईंना खेचरावर बसून यायचं असेल तर गोष्ट वेगळी.

मुग्धाताई, तुम्ही चार रात्री म्हणताय हे वाचून बरं वाटलं. बहुतेक लोक एक दिवस देतात, घळ उतरतात, बोटीत झोपतात आणि स्फाकिया बघितला म्हणतात. मी २००९ पासून सहा वेळा गेलोय. आता थोडं लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी उच्चार. चानिया नव्हे, हानिया. 'ह' घशातून काढायचा. टॅक्सीवाल्याला चानिया म्हणालात तरी तो नेईल, पण हसेल.

मी माण तालुक्यातला, म्हसवडच्या अलीकडचा. आमच्या लहानपणी गावात पाणी सोडून दुसरा विषय नव्हता. त्यामुळे कुठेही गेलो की मी आधी विहीर शोधतो, बायको याला रोग म्हणते. अनोपोली हे स्फाकियातलं डोंगरावरचं गाव, साधारण ६०० मीटर उंचीवर, एका छोट्या पठारावर पाच-सहा वाड्या विखुरलेल्या. तिथे पहिल्या संध्याकाळी मी भटकलो तर मला विहीर दिसेना. ऑलिव्ह आहेत, द्राक्षाचे वेल आहेत, शेळ्या तर माणसांपेक्षा जास्त, आणि मागे दोन हजार मीटरच्या वर डोंगर, त्यावर जूनच्या तोंडाशीसुद्धा बर्फाचे पट्टे. मग पाणी कुठंय? घरमालकिणीला हातवारे करून विचारलं. तिने अंगणातलं लोखंडी झाकण उचललं आणि खाली बोट दाखवलं. स्टेर्ना. म्हणजे पावसाचं टाकं. छपरावरचं पाणी पन्हाळीतून थेट आत. तिच्या आजेसासऱ्यांच्या वेळचं टाकं, आता गावात नळ आलाय तरी रोज झाडून-पुसून ठेवलेलं. मी त्या झाकणापाशी एवढा वेळ उभा राहिलो की तिला वाटलं माझं काहीतरी आत पडलं.

सह्याद्रीत वाढलेल्यांनी हे समजून घेतलं की तो सगळा मुलूख उलगडतो. आपला दगड काळा, लाव्हाचा. कातळ खोदला की टाकं होतं, पाणी वर्षभर राहतं, म्हणून किल्ल्यावर माणूस राहू शकला. तिथला दगड चुनखडीचा, तो पाणी पितो. लेफ्का ओरी म्हणजे पांढरे डोंगर. हिवाळ्यात बर्फाने पांढरे, उन्हाळ्यात नुसत्या दगडाने. बर्फ वितळतं आणि भेगांतून नाहीसं होतं, ओढा म्हणून सापडायचा नाही. डोंगराच्या पोटात इतक्या पोकळ्या आहेत की गुर्गुथाकास नावाची एक गुहा १२०८ मीटर खोल गेलीय, ग्रीसमधली सर्वांत खोल. कळसूबाई १६४६ मीटर उंच, म्हणजे तिचा पाऊण भाग त्या बिळात उभा राहील. आणि हे गिळलेलं पाणी निघतं कुठे, तर खाली समुद्राच्या काठावर. होरा स्फाकियोन आणि लुत्रो या दोन गावांमधे ग्लिका नेरा नावाची किनारपट्टी आहे, नावाचा अर्थच गोडं पाणी. गोट्यांत हाताने वीतभर खड्डा करायचा, त्यात गार, पिण्याजोगं पाणी भरतं. चार पावलांवर खारा समुद्र. वर ज्या गावाने शेकडो वर्षं थेंब थेंब साठवला त्याच्या पायाखालून पाणी असं समुद्राला जात होतं. मी तिथे बसून आमच्या गावाला चार शिव्या दिल्या, का ते मला नीट सांगता येणार नाही.

अशा डोंगरात शेती किती होणार? म्हणून मेंढरं आणि शेळ्या. आमच्याकडचे धनगर दिवाळीनंतर वाडा घेऊन कोकणात उतरतात, पाऊस लागायच्या आत परततात. इथलंही तसंच: हिवाळा खाली किनाऱ्याकडे, उन्हाळ्यात कळप वर 'मादारेस'वर. मादारा म्हणजे झाडाच्या रेषेपलीकडचं उघडंबोडकं कुरण. वर राहायला चुन्या-मातीशिवाय रचलेली घुमटाकार दगडी खोपटं, त्यांना मितातो म्हणतात. तिथेच दूध तापवून चीज करायचे. आता बरेच जण पिकअप घेऊन सकाळी जातात, संध्याकाळी येतात. अनोपोलीहून वर जाणारा कच्चा रस्ता जवळजवळ २००० मीटरपर्यंत पोचतो, भाड्याची छोटी गाडी तिकडे अजिबात घालू नका. तिथून पुढे पाख्नेस शिखर, २४५३ मीटर. क्रीटमधलं सर्वांत उंच शिखर दुसरीकडे, प्सिलोरितिस, २४५६. तीन मीटरचा फरक. स्फाकियावाल्यांना हे इतकं झोंबतं, की वर जाणाऱ्याने एक धोंडा नेऊन माथ्यावरच्या ढिगात टाकावा असं सांगतात. सातारा-सांगलीच्या माणसाला हे वेगळं समजावून द्यायला नको.

माणसांबद्दल. व्हेनिसवाले आले, तुर्क आले, या डोंगरात कुणाचाच अंमल नीट बसला नाही. अनोपोलीच्या चौकात एक पांढरा पुतळा आहे, दास्कालोयानिसचा. मूळ नाव यानिस व्लाखोस, जहाजांचा मालक, पैसेवाला माणूस. १७७० मध्ये रशिया मदतीला येणार या भरवशावर त्याने तुर्कांविरुद्ध उठाव केला. मदत आली नाही. मुलूख जळायला लागला तेव्हा तो स्वतः स्वाधीन झाला आणि १७७१ मध्ये हेराक्लिओनला त्याची जिवंतपणी कातडी सोलली. पुतळ्याखाली उभं राहून मुलाला हे सांगताना माझ्या तोंडी आपोआप वढू-तुळापूर आलं. हानियाच्या विमानतळालाही त्याचंच नाव आहे, उतराल तेव्हा पाटी वाचा.

आता तुमच्या प्रश्नांवर. हानियात राहून जाऊन-येऊन करू नका. अंतर ७०-७५ किमी दिसतं, पण शेवटची उतरण म्हणजे वरंधा घाट मुठीत धरून पिळावा तशी. दोन रात्री अनोपोली, दोन रात्री खाली लुत्रो. लुत्रोला गाडीरस्ता नाही, होरा स्फाकियोनहून बोटीने वीसेक मिनिटं. सासूबाईंना समुद्र नको असेल तर चारही रात्री अनोपोलीत काढा, मी काही म्हणणार नाही.

समारियाची हौस असेल तर उलटीकडून बघा. बोटीने आगिया रुमेली, साधारण तास. तिथून वर चालत लोखंडी दरवाजांपर्यंत चारेक किलोमीटर, सौम्य चढ, आणि त्याच वाटेने परत. सह्यभटकांनी फोटो काढला तीच भिंत, गुडघा शाबूत. पुढे जुनं समारिया गाव आहे, १९६२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा उठवलेलं, पण तिथवर खालून जाऊ नका, फार होतं.

आणि अराडेना चुकवू नका. अनोपोलीपासून तीनेक किलोमीटर. घळीवर लोखंडी पूल आहे, १९८६ चा, मूळच्या इथल्याच एका श्रीमंत घराण्याने पैसे दिले. खोली १३८ मीटर. तळ लाकडी फळ्यांचा, गाडी गेली की असा खडखडाट होतो की पहिल्यांदा मी ब्रेक दाबला. पूल व्हायच्या आधी पलीकडे जायचं तर दगडी पायऱ्यांची वाट घळीत उतरून पुन्हा चढायची, ती वाट अजून शाबूत आहे आणि फार देखणी बांधलीय. पलीकडे अराडेना गाव, ओस पडलेलं. घरांची छपरं पडलीत, चुली दिसतात, अंजिरं वाढलीत भिंतीतून. दोन घराण्यांच्या वैरातून गाव उठलं. भांडणाची सुरुवात शेळीच्या गळ्यातल्या घंटेवरून झाली असं सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण ज्या गावात शेळी हीच जमीन आणि शेळी हीच बँक, तिथे घंटा म्हणजे सातबारा झाला ना.

रस्त्यावरच्या पाट्यांना बंदुकीच्या गोळ्यांची भोकं दिसतील. घाबरू नका, तुमच्यासाठी नाहीत. पाहुण्याला तिथे कुणी हात लावत नाही, उलट पुढ्यात त्सिकुदियाचा पेला ठेवतात, द्राक्षाच्या चोथ्याची दारू, कडक. नको असेल तर छातीवर हात ठेवून मान हलवायची, पुरे. सासूबाईंसाठी 'मालोतिरा' मागा, याच डोंगरात होणारा रानचहा. आपल्या गवती चहासारखा पितात, सर्दी-खोकल्यालाही तोच.

सह्यभटक

काका, वय ३१. मान्य. 🙏 पण मग इम्ब्रोसची घळ तरी? ती ८ किमीच आहे ना?

माणदेशी_श्टुटगार्ट

इम्ब्रोस चांगली आहे. तीन तास धरा, उतार सौम्य, सर्वांत अरुंद जागी दोन्ही हात भिंतींना लागतात. पूर्वी तोच हमरस्ता होता. मे १९४१ च्या शेवटी जर्मनांनी बेट घेतलं तेव्हा ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे सैनिक उत्तरेकडून डोंगर ओलांडून इकडेच आले, आणि होरा स्फाकियोनच्या छोट्याशा धक्क्यावरून चार रात्रींत नौदलाने जमतील तेवढे उचलले. उरलेले हजारो तिथेच कैद झाले. वर आस्किफूच्या पठारावर एका कुटुंबाने घरातच त्या युद्धाच्या वस्तूंचं संग्रहालय मांडलंय, शिरस्त्राणं, बंदुका, पाण्याच्या बाटल्या, जे जे डोंगरात सापडलं ते. खाली कोमितादेसला पिकअपवाले उभे असतात, ते परत वर गाडीपाशी सोडतात. नवरा आणि लेक यांना पाठवा, तुम्ही दोघी आस्किफूत बसा.

ताई_विश्रामबाग

मुग्धा, जेवणाचं माझ्यावर सोड. मी सांगलीची, पूर्ण शाकाहारी, आणि माझे यजमान बोटीवर होते म्हणून ग्रीसच्या पुष्कळ वाऱ्या झाल्यात. ठेपले विमानात संपव.

क्रीटमध्ये शाकाहाऱ्याचे हाल होत नाहीत, मागायचं कसं ते कळलं पाहिजे. 'लादेरा' म्हणजे तेलातल्या भाज्या, भेंडी, फरसबी, वांगी, टोमॅटोच्या रसात आणि ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या. मसाला काहीच नाही, तिखटाची पुडी पर्समध्ये असू दे. 'होर्ता' म्हणजे रानभाज्या, उकडून वर तेल-लिंबू. त्यातली स्टाम्नागाथी नावाची काटेरी झुडपाची भाजी कडसर असते, सासूबाईंना नक्की आवडेल, त्या पिढीला कडू लागतंच. 'डाकोस' म्हणजे जवाचा कडकडीत भाजलेला पाव, वर किसलेला टोमॅटो आणि मिझिथ्रा चीज. आधी पाव जरा भिजू द्यायचा, नाहीतर दाताचा डॉक्टर शोधावा लागेल. 'बुरेकी' हे हानियाकडचं, बटाटा, दुधीसारखी झुकिनी आणि चीज यांचे थर. यात कधी कधी अंडं फासतात, विचारून घे.

एक युक्ती सांगते. तिथल्या लोकांचे उपास आपल्यासारखेच कडक, त्यात मांस, दूध, अंडं काही नाही. 'निस्तीसिमो' म्हणजे उपासाचं. पण सावध, त्यांच्या उपासाला कोळंबी-माकूळ चालतं! पहिल्या वेळेला माझ्या पुढ्यात उपासाचं म्हणून ऑक्टोपस आला होता. म्हणून 'होरीस क्रेआस, होरीस प्सारी' म्हण, मटण नको, मासे नको, आणि 'होरीस थालासिना' पण जोड, म्हणजे समुद्रातलं काहीच नको.

आणि स्फाकियात जाऊन स्फाकियानी पिता खाल्ली नाही तर गेलीसच कशाला? ही आपली पुरणपोळीची थोरली बहीण समज. कणकेत थोडं तेल, थोडी ती त्सिकुदिया. लाटीएवढाच मिझिथ्राचा गोळा, पुरण भरतो तसा भरून तोंड बंद करायचं आणि हलक्या हाताने पातळ लाटायचं. कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी. तेल-तूप सोडत नाहीत. वरून थाइमच्या फुलांचा मध. अंडं नाही. खाली होरा स्फाकियोनच्या एका खानावळीत मी आत शिरून बघितलं. बाई लाटत होती, मी न राहवून म्हटलं कडा जाड राहिल्यात. मराठीतच म्हटलं. तिने लाटणं माझ्या हातात दिलं. दारूचं म्हणशील तर तव्यावर उडून जाते, सासूबाईंना सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव.

मुग्धा_डोंबिवली

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू! माणदेशी काका, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. टाक्याच्या गोष्टीला त्यांनी "वाचलेलं परत वाच" म्हटलं. दारूचं मी वगळलं.

ठरलं असं: तीन रात्री अनोपोली, एक लुत्रो. समारिया खालून. आता गाडी. नवरा मुंबईत रोज चालवतो पण उजवीकडून कधीच नाही. घाटात झेपेल ना? बसने जाणं बरं का?

माणदेशी_श्टुटगार्ट

बस हानियाहून होरा स्फाकियोनपर्यंत चांगली आहे. वर अनोपोलीला फारच तुरळक, त्यामुळे तुमच्यासारख्यांना गाडी हवी. आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या. ऑटोमॅटिक गाडी आधी सांगितली तरच मिळते, नाहीतर डाव्या बाजूला बसायचं आणि उजव्या हाताने गिअर, घाटात पहिल्या दिवशी खिडकीचं हँडल फिरवत बसतो माणूस. पेट्रोल वाटेतल्या व्रिसेस गावात भरा. वळणावर हॉर्न द्या. शेळ्या रस्त्याच्या मधोमध बसलेल्या असतात, त्यांना हॉर्नने काही वाटत नाही, उतरून हाकलावं लागतं. मागून पिकअप आली तर बाजूला घेऊन जाऊ द्या, त्यांच्याशी शर्यत नको.

लेकीसाठी एक. तुम्ही मेअखेर जाताय म्हणून सांगतो. पूर्वेला फ्रांगोकास्तेलो आहे, समुद्रकाठी चौकोनी किल्ला, व्हेनिसवाल्यांनी १३७१ मध्ये बांधायला घेतलेला. १८२८ च्या मेमध्ये तिथे तुर्कांशी लढताना शेकडो माणसं पडली. दरवर्षी मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला, उजाडायच्या वेळी, समुद्र शांत आणि हवा दमट असली की किल्ल्याकडून समुद्राकडे चालत जाणाऱ्या सावल्या दिसतात म्हणे. द्रोसुलितेस, म्हणजे दवातली माणसं. मला दोनदा दिसल्या नाहीत. तिला दिसल्या तर कळवा.

मुग्धा_डोंबिवली

आलो परत! जून उजाडला, जेट लॅग उतरला, आता लिहिते.

सावल्या दिसल्या नाहीत. पहाटे चारला उठून घाट उतरून गेलो, लेकीला एक कुत्रा दिसला आणि दोन जर्मन आजोबा तिवई लावून बसलेले. ती अजून काकांवर रुसलेली आहे.

नवऱ्याने गाडी छान चालवली, फक्त प्रत्येक वळणाला दिव्याच्या जागी वायपर लावले. आस्किफूच्या उतारावर भर उन्हात वायपर चालू ठेवून जाणारी आमची एकच गाडी असणार.

आगिया रुमेलीहून लोखंडी दरवाजांपर्यंत सगळे गेलो. सासूबाई मधे दोनदा बसल्या, काठी घेऊन आल्या परत. भिंतीला हात लावून म्हणाल्या, "हा दगड उन्हातसुद्धा गार लागतो." त्यांनी फोटो एकच काढून घेतला, तोही अराडेनाचा. पुलावरून गाडी गेली तेव्हा लेकीने कान झाकले, आणि सासूबाई उतरून त्या जुन्या पायऱ्यांच्या वाटेला लागल्या. आम्ही मागे धावलो. तीन वळणं उतरल्या, कठड्यावर बसल्या, दगड कसे उभे रचलेत ते हात फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, चला, खाली गेलं की वर यावं लागतं. पलीकडच्या ओस गावात मात्र आल्या नाहीत. "पडक्या घरात काय बघायचं," एवढंच. कोयना धरणात त्यांच्या आत्याचं गाव गेलंय, हे मला गाडीत परत येताना नवऱ्याने हळूच सांगितलं.

अनोपोलीच्या घरमालकीणबाईंशी त्यांचं जे जमलं ते विचारू नका. एक मराठी, एक ग्रीक, विषय गुडघा. रोज संध्याकाळी ओट्यावर मालोतिरा. स्टेर्नाचं झाकण उघडून दाखवायला त्यांनीच सांगितलं, खुणेने. आत वाकून "ए" असा आवाज पण देऊन बघितला.

ताई, आता खरा प्रश्न तुम्हाला. पिता रोज खाल्ली, सासूबाईंनी तर दुसऱ्या दिवशी तव्यापाशीच मुक्काम ठोकला. काल घरी केली. मिझिथ्रा नाही म्हणून चक्का वापरला. लाटतानाच फुटली, तव्यावर सगळं पाणी, धूर, आणि शेजारच्या काकू विचारायला आल्या. काय चुकलं?

ताई_विश्रामबाग

अगं चक्का कसा चालेल, त्यात पाणी किती! ताजं पनीर घरी कर, लिंबाने फाडलेलं, रात्रभर वजनाखाली ठेव. सकाळी किसून चांगलं मळ, त्यात दोन चमचे घट्ट सायीचं दही आणि चिमूटभर मीठ, म्हणजे तो आंबटपणा येतो. कणीक पुरणपोळीसारखी सैल नको, मध्यम ठेव आणि तासभर मुरू दे. निम्मा मैदा घाल. लाटताना पिठी भरपूर. पहिली फुटेलच, ती तू खा. मध आपला जांभळाचा घेऊ नकोस, कडवट लागतो.

मुग्धा_डोंबिवली

पनीर वजनाखाली ठेवलंय. सासूबाई विचारतायत, वजन म्हणून पाटा चालेल का.

ताई_विश्रामबाग

पाटा नको, त्याचा चोथा होईल. वरवंटा ठेव, आडवा.